‘बळी तो कान पिळी’ म्हणणाऱ्यांसाठी वास्कोहून एक लांबलेलं पत्र

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बायण्यात सकाळी भाजीपाव खायला आमचा पाच-सहा म्हाताऱ्यांचा कट्टा जमतो, त्यात तुमचा पेपर पानापानाने वाटून वाचला जातो आणि मग दहा वाजेपर्यंत जगाचे सगळे प्रश्न मिटवले जातात. परवा युद्धाची बातमी वाचून एक मित्र म्हणाला, ‘कसलो आंतरराष्ट्रीय कायदो रे, सगळें फट (म्हणजे खोटं)! बळी तो कान पिळी.’ बाकीच्यांनी माना डोलावल्या, मीसुद्धा तेव्हा चहा थंड होत होता म्हणून काही बोललो नाही, पण घरी येईपर्यंत ते डोक्यात घोळत राहिलं आणि शेवटी हे पत्र लिहायला बसलो. मी वकील नाही की प्रोफेसर नाही, बंदरात नोकरी करून रिटायर झालेला माणूस आहे, त्यामुळे भाषा सांभाळून घ्या.

आधी घरातली गोष्ट सांगतो. माझा मुलगा बोटीवर फिटर आहे. काही वर्षांपूर्वी त्याची बोट आखातातल्या एका बंदराबाहेर नांगर टाकून उभी राहिली ती राहिलीच, मालकाकडचे पैसे संपले, आधी पगार लांबला, मग ताजी भाजी यायची बंद झाली, मग डिझेल वाचवायला जनरेटर दिवसातून ठराविक तासच चालवायचे. कंपनीचं नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही, असल्या कंपन्या नाव बदलून परत येतात. एजंट फोन उचलेना. आम्ही इथे कोणाकोणाच्या पाया पडलो ते आता सांगत नाही. एके रात्री पोराने मेसच्या भिंतीवर लावलेल्या एका कागदाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, म्हणाला, ‘पप्पा, हे वाच, यात आमच्यासाठी काहीतरी आहे असं बोसन, आमचा खलाशांचा मुकादम, म्हणतोय.’ तो विम्याचा दाखला होता. मालकाने खलाशांना वाऱ्यावर सोडलं तर चार महिन्यांपर्यंतचा पगार, खाणंपिणं आणि घरी परतायचं तिकीट हे विमा कंपनीने द्यायचं, आणि कोणाला फोन करायचा तो नंबरही खाली छापलेला. बोटीवरच्या सगळ्यांनी मिळून क्लेम केला, कागदोपत्री बरीच ओढाताण झाली, पण पाचव्या महिन्यात पोरगा दाबोळी विमानतळावर उतरला.

बायको देवळात नारळ ठेवून आली. मी त्या कागदाच्या मागे लागलो. हा कागद भिंतीवर लावला कोणी, आणि मालक बुडाला तरी तो चालतो कसा? तर त्याच्यामागे जिनिव्हात २००६ च्या फेब्रुवारीत झालेला एक करार आहे, सागरी कामगार करार. तो करताना नुसती सरकारं बसलेली नव्हती, जहाजमालक आणि खलाशांच्या युनियन यांनाही मत होतं, आणि ३१४ मतं बाजूने, विरोधात शून्य, तटस्थ चार अशा मतांनी तो पास झाला. त्याआधीचे ६५ हून जास्त करार आणि शिफारशी होत्या, कोणी हा मान्य केलेला तर कोणी तो, सगळा गोंधळ, ते सगळे एका पुस्तकात आणले. २०१३ च्या ऑगस्टमध्ये तो लागू झाला, भारताने २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये मान्य केला. आणि गंमत बघा, हा विम्याचा दाखला मूळ करारात नव्हताच, तो २०१४ मध्ये दुरुस्ती करून घातला आणि १८ जानेवारी २०१७ पासून लागू झाला, म्हणजे माझा पोरगा त्याआधी अडकला असता तर मेसच्या भिंतीवर फार तर कॅलेंडर असतं.

आता कट्ट्यावरचा मित्र विचारेल की असा करार न पाळणाऱ्याचं वाकडं काय होतं. होतं ना. बोट कुठल्याही झेंड्याची असो, ज्या देशाने करार मान्य केलाय त्याच्या बंदरात ती शिरली की तिथला सरकारी सर्व्हेयर वर चढतो, कागद बघतो, केबिन बघतो, कोल्ड स्टोरेज उघडून बघतो, आणि घोळ निघाला तर बोट अडकवून ठेवतो. एक दिवस बोट अडकली की मालकाचा किती खर्च होतो हे आम्ही बंदरातल्या लोकांनी जवळून पाहिलंय, त्या दिवशी कॅप्टनचा चेहरा बघण्यासारखा असतो. झेंड्याच्या देशाने करार मान्य केला नसेल तर त्याच्या बोटीला उलट जास्त सवलत द्यायची नाही, असंही त्यात स्पष्ट लिहून ठेवलंय, नाहीतर सगळेच तिकडचा झेंडा लावतील. अशी तपासणी एकमेकांच्या संगनमताने करायची (चांगल्या अर्थाने म्हणतोय) म्हणून हिंदी महासागराच्या काठावरच्या देशांनी १९९८ मध्ये समझोता केला आणि त्याचं सचिवालय थाटलं कुठे, तर आपल्या गोव्यात! वास्कोतल्या दहा माणसांना विचारा, एकालाही ठाऊक नसेल. मलाही नोकरीला लागून कितीतरी वर्षं झाल्यावर कळलं.

विखुरलेले नियम असे एका पुस्तकात लिहून काढायचे, याला म्हणतात संहितीकरण, इंग्रजीत कोडिफिकेशन. शब्द जड आहे पण गोष्ट गोंयकाराला नवीन नाही. आपल्या गावकरीचे, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या कारभाराचे नियम, शेत कसं कसायचं, सरकारला काय भरायचं, बांध फुटला तर कोणी बांधायचा, हे सगळं पिढ्यान् पिढ्या तोंडी चालत होतं, ते पोर्तुगीज अधिकारी अफोन्सु मेशिया याने १५२६ मध्ये फोराल नावाच्या सनदेत लिहून काढलं. त्याने ते वसुलीच्या सोयीसाठी लिहिलं, गावकऱ्यांच्या प्रेमाने नाही, हे मान्य. पण एकदा लिहिल्यावर नंतर गावकऱ्यांनाही ते दाखवून भांडता यायला लागलं. आणि दिवाणी कायद्याचं पुस्तक तर आपण पोर्तुगीजांचं १८६७ सालचं वापरत आलोय, वारसांच्या वाटणीसाठी कोर्टात इन्व्हेंटरी घातलेलं घर गोव्यात शोधावं लागत नाही. देशादेशांमध्येही तसंच. वकिलातीत पोलीस घुसवायचा नाही, दूताला अटक करायची नाही, समुद्रात अडकलेल्याला वाचवायचं, हे सगळं आधी रीत म्हणून चालायचं, मग लिहून काढलं. फरक एवढाच की इथे लिहिणारा कोणी व्हाइसरॉय नाही, ज्यांनी पाळायचं त्यांनीच बसून लिहायचं, त्यामुळे वेळ प्रचंड लागतो.

युनोच्या सनदेच्या १३ व्या कलमातच लिहिलंय की आमसभेने आंतरराष्ट्रीय कायद्याचा विकास आणि संहितीकरण याला उत्तेजन द्यायचं. त्यासाठी १९४७ मध्ये आंतरराष्ट्रीय कायदा आयोग काढला, १९४९ मध्ये पहिली बैठक झाली, तेव्हा १५ सभासद होते, आता ३४ आहेत, वेगवेगळ्या खंडांना जागा वाटून दिलेल्या, दरवर्षी काही आठवडे बसतात. पहिल्याच आयोगात आपले बी. एन. राव होते, तेच, घटना समितीचे सल्लागार. एक जण विषय घेतो, अहवाल लिहितो, कलमं पाडतो, मग बाकीचे त्याची पिसं काढतात, मग ते सगळ्या सरकारांना पाठवतात, सरकारं उत्तर द्यायला वर्षं लावतात, मग दुसरं वाचन. एका देशाने दुसऱ्याचं नुकसान केलं तर जबाबदारी कशी ठरवायची हा विषय १९५६ मध्ये हातात घेतला आणि कलमं तयार झाली २००१ मध्ये! पंचेचाळीस वर्षं. आमच्या म्युनिसिपाल्टीचं मार्केटसुद्धा याच्याआधी बांधून होईल असं म्हणणार होतो, पण नको, पैज लावायची हिंमत नाही.

आणि समुद्राचं तर विचारू नका. किनाऱ्यापासून किती पाणी आपलं? जुन्या काळी तोफेचा गोळा जाईल तेवढं, म्हणजे साधारण तीन मैल. १९३० मध्ये हेगला सगळे जमले, आकडा ठरेना. १९५८ मध्ये आयोगाच्या मसुद्यावरून जिनिव्हात चार करार झाले, आकडा तरीही ठरला नाही. १९६० मध्ये परत बसले, सहा मैल अधिक सहा मैल अशी तडजोड निघाली आणि एका मताने पडली. एका मताने! मग १९६७ मध्ये माल्टाचे प्रतिनिधी आर्विद पार्दो आमसभेत उभे राहिले आणि म्हणाले की खोल समुद्राचा तळ ही सगळ्या मानवजातीची मालमत्ता धरा, ज्याच्याकडे मशीन आहे तो उचलून नेईल असं चालायचं नाही. माल्टा म्हणजे केवढा देश, ३१६ चौरस किलोमीटर, आपल्या एखाद्या तालुक्याएवढा, आणि त्याने काढलेला विषय पुढे १९७३ ते १९८२ अशी नऊ वर्षं सगळ्या जगाला घेऊन बसला. तिथे ठरवलं की होता होईतो मतदान घ्यायचंच नाही, सगळं एका गाठोड्यात, हे हवं तर तेही घ्यायला हवं, आवडीचं तेवढं उचलून चालणार नाही. मासे ज्याला हवेत त्याने जहाजांना वाट द्यायची, तेल ज्याला हवं त्याने बेटवाल्यांचं ऐकायचं. शेवटी अमेरिकेने मतदान मागितलंच आणि १३० विरुद्ध ४ असा निकाल लागला, १७ तटस्थ. बारा मैल आपला समुद्र, दोनशे मैलांपर्यंत मासे आणि खनिजांवर आपला हक्क, हे त्यात पक्कं झालं. भारताने १९८२ मध्ये सही केली आणि १९९५ मध्ये मान्यता दिली, म्हणजे साखरपुड्यानंतर तेरा वर्षांनी लग्न. अमेरिकेने अजून लग्न केलेलं नाही पण वागते मात्र सून असल्यासारखी, बारा मैल काय नि दोनशे काय, तीही मानते.

मित्राचा दुसरा बाण मला माहीत आहे, कारण तो त्याने आधीही मारलाय: ‘मग गोवा काय कायद्याने सुटला? मिलिटरी आली म्हणून सुटला!’ हे खरं आहे आणि मी ते नाकारत नाही, १९६१ मध्ये मी सात वर्षांचा होतो, विमानांचा आवाज मला आठवतो. पण सैन्य यायच्या आधी कायद्याच्या मैदानात काय काय चाललं होतं ते शाळेत आपल्याला शिकवतच नाहीत.

१९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांच्या ताब्यातून मुक्त झाली, त्यात आझाद गोमंतक दलाची पोरं होती, सुधीर फडके होते, हे आपल्याला माहीत असतं. पुढे काय झालं? पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ ला युनोत शिरला, १९ तारखेला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा अधिकार मान्य केला आणि २२ तारखेला भारतावर केस ठोकली. आठ दिवसांत! इतकी चलाखी त्यांनी गोव्यात शाळा बांधायला दाखवली असती तर. केस अशी की दमणहून दादरा-नगर हवेलीला जायला आम्हाला भारतातून वाट हवी. आणि पुरावा काय, तर पेशव्यांबरोबरचा १७७९ चा तह आणि त्यानंतरच्या सनदा. म्हणजे नेदरलँड्समधल्या न्यायाधीशांसमोर मराठी दप्तर उघडलं गेलं आणि त्यातल्या शब्दांचा अर्थ काय यावर खल झाला. शेवटी न्यायालय म्हणालं की मराठ्यांनी सार्वभौमत्व दिलेलं नव्हतं, दिलं होतं ते बारा हजार रुपये उत्पन्नाचं सरंजाम, म्हणजे नुसता महसुलाचा हक्क. वाचताना माझ्या अंगावर काटा आला हो, सरंजाम हा शब्द हेगच्या निकालात! भारताच्या बाजूने तिथे न्यायाधीश म्हणून मुंबईचे छागला बसले होते. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने असं धरलं की नंतर इंग्रजांनी आणि भारताने सव्वाशेहून जास्त वर्षं साध्या माणसांना, मुलकी अधिकाऱ्यांना आणि मालाला जाऊ दिलं म्हणून तेवढी रीत पोर्तुगालच्या पदरात पडते, पण सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना वाट नाही, आणि भारताने वाट अडवली ती काही गुन्हा नाही. ते मत नऊ विरुद्ध सहा होतं. पोर्तुगालला सैन्य पाठवायचं होतं, तीच वाट बंद झाली.

आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या १४ तारखेला आमसभेने १५१४ नंबरचा ठराव केला, वसाहती संपवायच्या, ८९ बाजूने, विरोधात एकही नाही, ९ तटस्थ, त्यात पोर्तुगाल, अमेरिका, ब्रिटन. दुसऱ्या दिवशी १५४२ नंबरच्या ठरावात पोर्तुगालच्या ताब्यातले मुलूख एकेक करून नोंदवले, त्यात गोवा होता. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार म्हणत होता की गोवा ही वसाहत नाही, पोर्तुगालचाच समुद्रापलीकडचा प्रांत आहे, त्या म्हणण्याची हवा तिथे निघाली. साधारण एका वर्षाने, १८ डिसेंबर १९६१ ला, सैन्य आत शिरलं त्याच दिवशी सुरक्षा परिषदेत भारताविरुद्धच्या ठरावाला सात मतं पडली आणि रशियाने व्हेटो वापरला. व्हेटो म्हणजे बळी तो कान पिळी, कबूल. पण आफ्रिका-आशियातले देश आपल्या बाजूने उभे राहिले ते या आधीच्या ठरावांच्या जोरावर. आणि शेवटी पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते कुठे? ३१ डिसेंबर १९७४ च्या तहात, दिल्लीत, शाईने. सैन्याने तेरा वर्षांपूर्वी घेतलेलं, तरी कागद लागलाच.

म्हादई नदीच्या पाण्यावरून कर्नाटकाशी चाललेल्या भांडणाचं लिहिल्याशिवाय गोव्यातलं पत्र संपत नाही. सीमा ओलांडणाऱ्या नद्यांचं पाणी कसं वापरायचं याच्यावर त्याच आंतरराष्ट्रीय कायदा आयोगाने वीसहून जास्त वर्षं काम केलं आणि १९९७ मध्ये आमसभेत करार पास झाला. वाजवी वाटणी, खालच्याचं मोठं नुकसान करायचं नाही, आणि नदीवर मोठं काम काढायच्या आधी खालच्याला कळवून उत्तराला सहा महिने द्यायचे. वाचताना असं वाटतं की कोणीतरी वाळपईला बसून लिहिलंय. १०३ बाजूने, तीन विरोधात, त्यात चीन, आणि २७ तटस्थ, त्या २७ मध्ये आपला भारत. तिसऱ्या कोणाची सक्तीची चौकशी नको, हा आपल्या आक्षेपांपैकी एक. आता हा करार देशादेशांमधला, कर्नाटक आणि गोव्याला तो लागू नाही हे मलाही कळतं, आपला लवाद वेगळा, त्याने २०१८ च्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२ टीएमसी दिलं, आपल्याला २४ दिलं, महाराष्ट्राला १.३३, आणि भांडण अजून सुप्रीम कोर्टात आहे. पण पाणीवाद्यांचे वकील कोर्टात जी तत्त्वं मांडतात ती आली कुठून? कावेरीच्या २०१८ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने १९६६ च्या हेलसिंकी नियमांची चर्चा केलीय, आणि ते नियम तर सरकारांनीही नाही, कायद्याच्या जाणकारांच्या संस्थेने लिहिलेले. कुठेतरी फिनलंडमध्ये लिहिलेलं वाक्य आमच्या ओप्याच्या नळाच्या पाण्यापर्यंत पोचू शकतं. वर बसलेल्याला नियमाची घाई कधीच नसते, त्याच्या हातात धरणाचं दार असतं. खाली बसलेल्याने नियम पाठ करायला हवेत, आणि गोवा प्रत्येक बाबतीत खालीच बसलाय, लोकसभेत दोन खासदार, राज्यसभेत एक.

म्हणून माझा राग मोठ्या देशांवर कमी आणि आपल्यावर जास्त आहे. वानुआतू नावाचा पॅसिफिक महासागरातला देश आपल्या कट्ट्यावर कोणाला नकाशात दाखवता येणार नाही. तिथल्या विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या २७ पोरापोरींनी २०१९ मध्ये ठरवलं की समुद्र वर येतोय आणि आपली बेटं जाणार, तर हेगच्या न्यायालयालाच विचारूया की देशांची यात जबाबदारी काय. तिथल्या सरकारच्या मागे लागले, सरकार बाकीच्या देशांच्या मागे लागलं, २९ मार्च २०२३ ला आमसभेने एकमताने प्रश्न पाठवला आणि २३ जुलै २०२५ ला न्यायालयाने एकमताने मत दिलं की हवामान सांभाळणं ही देशांची कायदेशीर जबाबदारी आहे, न सांभाळल्यास भरपाईपर्यंत गोष्ट जाऊ शकते. सल्ला आहे, हुकूम नाही. तरी पुढच्या प्रत्येक केसमध्ये तो कोणीतरी टेबलावर ठेवणार. आपल्याकडेही कायद्याची कॉलेजं आहेत, समुद्र आपल्याही बांधावर चढतोय, खाडीकाठच्या खाजन शेतात खारं पाणी शिरतंय. आपली पोरं मूट कोर्टच्या (लुटुपुटुच्या खटल्यांच्या स्पर्धांच्या) ट्रॉफ्या आणतात, फोटो छापून येतो, बास.

तुमच्याकडेही थोडी तक्रार आहे, रागावू नका. कुठल्याच देशाच्या हद्दीत नसलेल्या खुल्या समुद्रातल्या जीवसृष्टीचा नवा करार २०२३ च्या जूनमध्ये झाला, भारताने २०२४ च्या सप्टेंबरमध्ये सही केली, २०२५ मध्ये साठावी मान्यता पडली आणि २०२६ च्या जानेवारीत तो लागू झाला. समुद्रविज्ञान संस्था आपल्या दोनापावलाला, अंटार्क्टिकाला माणसं पाठवणारी संस्था आमच्या सड्यावर, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि याची बातमी मी तुमच्या पेपरात शोधली ती सापडली नाही, माझा चष्मा जुना आहे हे धरूनही. दरवर्षी ऑक्टोबरात आमसभेची सहावी समिती, म्हणजे कायद्याची समिती, आयोगाचा अहवाल घेऊन बसते, भारताचा माणूस तिथे बोलतो. त्या आठवड्यात एक कोपरा द्या. आपल्या तीन खासदारांना विचारा की सहीनंतर पुढे काय. माणुसकीविरुद्धच्या गुन्ह्यांवर करार करायला २०२८ आणि २०२९ मध्ये परिषद भरणार आहे, ते आत्तापासून सांगा, झाल्यावर नको.

पत्र फार लांबलं, कापावं लागेल हे कळतं. कट्ट्यावरचा विनोद कापा, म्युनिसिपाल्टीचा कापा, पण दादरा-नगर हवेलीचा भाग कापू नका, मित्राला तो छापील दाखवायचाय. पोरगा पुढच्या महिन्यात परत बोटीवर जातोय, नवीन कंपनी आहे, त्याला सांगितलंय की चढल्या चढल्या बॅग ठेवायच्या आधी मेसमधला कागद बघ, तारीख संपलेली नाही ना ते बघ आणि फोटो पाठव.

आपला,
एक जुना वाचक आणि निवृत्त बंदर कर्मचारी
बायणा, वास्को